शुक्रावरचा खलनायक आणि लीड्सची पोरं

अंग हिरवंगार. डोकं एवढं थोरलं, की मानेला पेलतं कसं असा प्रश्न पडावा! हातपाय मात्र काडीसारखे. त्या पायांवर उभं राहणं काही जमत नाही, म्हणून स्वारी एका तरंगत्या खुर्चीत बसून हवेतून फिरते. आणि डोक्यात काय शिजतंय? सगळ्या ग्रहांवर आपलंच राज्य कसं येईल, याचे कट!

ओळख बघू, कोण हा?

नाही ओळखता येणार. हा तुझ्या आजोबांच्या जमान्यातला खलनायक आहे. नाव मेकॉन. राहणार शुक्र ग्रह!

झालं असं, की १४ एप्रिल १९५० ला इंग्लंडमध्ये मुलांचं एक नवं साप्ताहिक निघालं. नाव 'ईगल', म्हणजे गरुड. त्यात डॅन डेअर नावाच्या अंतराळवीराची चित्रकथा असायची. फ्रँक हॅम्पसन या चित्रकाराने ती सुरू केली. डॅन डेअर हा नायक, आणि त्याचा हाडवैरी हा मेकॉन. पोरं दर आठवड्याला 'ईगल'ची वाट बघत बसायची. या आठवड्यात मेकॉन पकडला जाणार का? छे! दर वेळी निसटायचा पठ्ठ्या.

शुक्रावर कोणी राहत असेल, ही कल्पना तेव्हा वेडेपणाची वाटत नव्हती बरं का! शुक्राभोवती ढगांची अशी जाड गोधडी आहे, की दुर्बिणीतून खालची जमीन दिसतच नाही. मग खाली काय असेल? जंगल? समुद्र? हिरवी माणसं? ज्याला जे हवं ते त्याने कल्पावं. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेचं मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेलं आणि त्याने कळवलं, की अरे बाबांनो, खाली भट्टी पेटली आहे! आज आपल्याला ठाऊक आहे, की तिथं साडेचारशे अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमान असतं. शिसं तर ३२७ अंशांनाच वितळतं. म्हणजे शुक्रावर शिशाची गोळी ठेवली तर तिचं पाणी पाणी होईल!

मेकॉन बिचारा केव्हाच भाजून निघाला असता.

पण थांब, मेकॉन मेला नाही. तो पृथ्वीवर आला. इंग्लंडमधल्या लीड्स या शहरात आला. आणि चक्क गाऊ लागला!

कसा, ते सांगते.

लीड्स हे उत्तर इंग्लंडमधलं गिरण्यांचं शहर. एके काळी लोकरीच्या कापडासाठी नावाजलेलं. तिथल्या विद्यापीठात १९७७ च्या सुमाराला काही मुलंमुली चित्रकला शिकत होती. जॉन लँगफर्ड, टॉम ग्रीनहाल्श, केव्हिन लायसेट आणि त्यांचे दोस्त. हातात ब्रश, कपड्यांवर रंग आणि डोक्यात भलतंच काहीतरी.

त्या वेळी इंग्लंडभर पंक संगीताचं वारं सुटलं होतं. पंक म्हणजे काय? भरभर, मोठ्यांदा आणि जरा चिडून गायलेली छोटी छोटी गाणी. तोवर रॉक संगीतातली मंडळी फार मोठी झाली होती. लांबलचक गाणी, झगमगीत कपडे, प्रचंड मैदानात कार्यक्रम. पंकवाली पोरं म्हणाली, हे सगळं कशाला? गिटारवर दोनतीन गोष्टी वाजवता आल्या की झालं. चढा स्टेजवर!

आपल्या लीड्सच्या पोरांनी ही गोष्ट जरा जास्तच मनावर घेतली. त्यांचं म्हणणं, वाजवता आलंच पाहिजे असं तरी का? ज्याला वाटेल त्याने बँडमध्ये यावं. येत नसेल वाजवायला, तर उत्तमच!

विश्वास बसत नाही ना? अजून ऐक. त्यांच्याकडे स्वतःची वाद्यंही धड नव्हती. विद्यापीठातल्याच दोस्तांचा 'गँग ऑफ फोर' नावाचा बँड होता. त्यांचीच गिटारं, त्यांचेच ड्रम मागून आणायचे आणि यांनी वाजवायचे. दुसऱ्या तुकडीची बॅट आणून सामना खेळायचा, तसलाच कारभार!

आणि बँडचं नाव? लहानपणी वाचलेल्या चित्रकथेतून उचललेलं. 'द मेकॉन्स'! बघ, दोस्ता, नायकाचं नाव नाही घेतलं. खलनायकाचं घेतलं. मला तर त्यांचा सगळा स्वभाव यातच दिसतो.

१९७८ मध्ये त्यांचं पहिलं गाणं निघालं. त्याचीही गंमत आहे. त्याआधी 'द क्लॅश' नावाच्या लंडनच्या प्रसिद्ध पंक बँडचं एक गाणं गाजलं होतं. दंगलीवरचं, मुठी वळून गायलेलं. मेकॉन्सनी त्याला उत्तर म्हणून गाणं केलं. नाव, 'नेव्हर बीन इन अ रायट'. म्हणजे, बाबांनो, आम्ही कधी कुठल्या दंगलीत नव्हतोच! सगळे जण आपण किती शूर ते सांगत होते. ही पोरं खुशाल सांगून मोकळी झाली, की आपलं तसलं काही नाही.

ते गाणं ऐकलंस तर कानांवर हात ठेवशील. ड्रम एकीकडे पळतोय, गिटार दुसरीकडे. खरं सांगू? मलाही ते ऐकायला फार आवडत नाही. पण ऐकताना हसू येतं, आणि ते हसू काही त्यांना नावं ठेवणारं नसतं.

आता येतं ते माकड!

हो, माकड. १९७९ मध्ये मेकॉन्सची पहिली मोठी तबकडी निघाली. तिच्या वेष्टनावर एक माकड टाइपरायटरपुढे बसलंय. तबकडीचं नाव तर बघ: 'द क्वालिटी ऑफ मर्सी इज नॉट स्ट्रनेन'. शेवटचा शब्द काय आहे? कुठल्याच शब्दकोशात सापडायचा नाही. कारण तो माकडाने टाइप केलाय!

यामागे एक जुनं गणिती कोडं आहे. एखाद्या माकडाला टाइपरायटर दिला आणि अनंत काळ बटणं बडवू दिली, तर कधी ना कधी त्याच्या हातून शेक्सपिअरचं आख्खं नाटक टाइप होईल, असं म्हणतात. शेक्सपिअर हा इंग्लंडचा चारशे वर्षांपूर्वीचा थोर नाटककार. त्याच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' या नाटकात दयेबद्दलचं एक प्रसिद्ध भाषण आहे. मेकॉन्सच्या माकडाने त्याची पहिलीच ओळ जवळजवळ बरोबर टाइप केली. जवळजवळ! शेवटच्या शब्दात घसरलं बिचारं.

आपण हिशोबच करून बघू या का? वही घे.

त्या ओळीत 'मर्सी' असा शब्द आहे. मर्सी म्हणजे दया. इंग्रजीत त्याची अक्षरं पाच. इंग्रजी अक्षरं एकूण २६. माकड दर सेकंदाला एक बटण दाबतंय, झोप नाही, केळं नाही, शी-शू नाही. तर हा एवढासा शब्द बरोबर उमटायला किती वेळ लागेल? २६ ला २६ ने पाच जागांसाठी गुणत जायचं. उत्तर येतं १ कोटी १८ लाख ८१ हजार ३७६. तेवढे सेकंद म्हणजे सरासरी साडेचार महिने. एका शब्दासाठी!

आणि ती आख्खी ओळ? मधल्या मोकळ्या जागा सोडल्या तर अक्षरं भरतात ३०. आता उत्तर ४३ आकडी येतं! हा आकडा केवढा मोठा, ते असं बघ. आपलं विश्व जन्मल्यापासून आजवर जेवढे सेकंद झाले, तो आकडाही १८ आकडीच आहे. म्हणजे फक्त शेवटचा शब्द चुकवणारं मेकॉन्सचं माकड जगातलं सर्वांत हुशार आणि सर्वांत नशीबवान माकड म्हणायला हवं!

अंदाज कर, हा प्रयोग खरोखर कोणी केला असेल का?

केला! इंग्लंडमध्ये पेंटन नावाच्या गावी प्राणिसंग्रहालय आहे. तिथं २००२ मध्ये सहा काळ्या माकडांच्या पिंजऱ्यात महिनाभर संगणकाचा कीबोर्ड ठेवला होता. त्यांच्या म्होरक्याने काय केलं असेल? आधी दगड उचलून कीबोर्ड बडवला. बाकीच्यांनी त्यावर शू केली. महिन्याच्या शेवटी मिळाली पाच पानं, आणि त्यांवर जवळजवळ सगळं एकच अक्षर. एस, एस, एस, एस!

ती पानं पुस्तक म्हणून छापलीसुद्धा. मोठी माणसं कधी कधी आपल्यापेक्षा वांड असतात.

अरे हो, त्या तबकडीचं आणखी एक राहिलं. मागच्या बाजूला बँडचा फोटो छापायचा होता. छापला, पण कोणाचा? 'गँग ऑफ फोर'चा! वाद्यं त्यांची, आता फोटोही त्यांचाच!

इथवर वाचून तुला वाटेल, की असला बँड वर्षा-दोन वर्षांत गुंडाळला गेला असणार. खरंच तसं व्हायची वेळ आली होती. १९८० नंतर मेकॉन्सचे स्टेजवरचे कार्यक्रम जवळजवळ थांबले. पंकचं वारंही पडलं होतं. त्याच्या पोटातून निघालेल्या, नाना प्रयोग करणाऱ्या बँडना लोक 'पोस्ट-पंक' म्हणू लागले होते. म्हणजे पंकनंतरचे.

मग दोन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट मोठी आणि दुःखाची. मार्च १९८४ मध्ये ब्रिटनच्या कोळसा खाणींत संप सुरू झाला. सरकारी मंडळ खाणी बंद करणार होतं. खाण बंद म्हणजे आख्खं गाव रिकामं, कारण गावात दुसरं कामच नाही. लाखाहून जास्त खाणकामगार वर्षभर संपावर होते. वर्षभर पगार नाही! लीड्स ज्या यॉर्कशर भागात आहे, तिथं अशा खाणी पुष्कळ होत्या. संपकऱ्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून ठिकठिकाणी मदतीचे कार्यक्रम होऊ लागले, आणि मेकॉन्स पुन्हा स्टेजवर चढले.

दुसरी गोष्ट एवढीशी. खिशात मावेल एवढी! अमेरिकेतल्या शिकागोमधून एका रेडिओवाल्या माणसाने त्यांच्याकडे कॅसेटी पाठवल्या. कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत गुंडाळलेली चुंबकीय फीत. तिच्यावर गाणी साठवता यायची. त्या कॅसेटींवर होतं अमेरिकेचं कंट्री संगीत.

कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं गाणं. मोठी टोपी घातलेला गुराखी डोळ्यांपुढे आण. पण गाण्यात नुसते घोडे नसतात हं! शेत पिकलं नाही, आगगाडी सुटली, घर दूर राहिलं, माणूस सोडून गेलं, खिशात पैसा नाही, असलं सगळं त्यात असतं. हँक विल्यम्स हा तिथला लाडका गायक. जेमतेम २९ वर्षं जगला. १९५३ च्या १ जानेवारीला तो वारला, पण अजून लोक त्याची गाणी गातात.

आता सांग, लीड्सच्या रागीट, रंगाने माखलेल्या पोरांना हे गुराख्यांचं गाणं का आवडावं? इंग्लंडच्या पंकवाल्यांच्या लेखी कंट्री म्हणजे जुनाट, रडकं, काका-मामा लोकांचं संगीत. आणि पंक म्हणजे आरडाओरडा. दोन्हींचं जमायचं कसं?

इथंच तर खरी गंमत लपली आहे! पेटी आहे का घरी? नसेल तर शाळेतल्या संगीताच्या बाईंना विचार. पांढऱ्या पट्ट्यांवर सा धर. सा, ग आणि प या तीन पट्ट्या एकदम दाब. तीन स्वर मिळून एकच भरदार आवाज येतो की नाही? याला म्हणतात कॉर्ड.

हे तीन स्वर एकमेकांत एवढे छान मिसळतात कसे? आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. समज, तुझा सा सेकंदाला २४० वेळा थरथरतो. मग ग थरथरतो साधारण ३०० वेळा आणि प ३६०. आता तीन मुलं मैदानाला फेऱ्या मारतायत असं समज. पहिल्याच्या ४ फेऱ्या होईपर्यंत दुसऱ्याच्या होतात ५ आणि तिसऱ्याच्या ६. म्हणजे तिघंही पुन्हा एकाच वेळी सुरुवातीच्या रेघेवर हजर! पुन्हा पळाली, पुन्हा भेटली. सेकंदाला साठ वेळा अशी भेट होते, आणि आपला कान खूश होतो. गिटारवर आणि पेटीवर हे आकडे किंचित सरकवलेले असतात, पण कान तेवढं चालवून घेतो.

पुढे चल. म, ध आणि वरचा सा, ही दुसरी कॉर्ड. प, नी आणि वरचा रे, ही तिसरी.

आता बोटांवर मोज. सा, ग, प. म, ध. नी, रे. सातही स्वर आले! तीन कॉर्डमध्ये आख्खं सप्तक! म्हणजे साध्या गाण्यात कुठलाही शुद्ध स्वर आला, तरी या तिघींपैकी एक तरी कॉर्ड त्याला आपल्याजवळ बसवून घेते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पेटीसमोर बसून पुन्हा पुन्हा मोजून बघितलं होतं.

आणि आता ऐक. पंकची गाणी बहुतेक कशावर चालतात? या तीन कॉर्डवर! कंट्रीची? याच तीन कॉर्डवर! वरून एक आरडाओरडा करणारं, दुसरं हुंदके देणारं, पण आतला सांगाडा एकच. धड वाजवता न येणाऱ्या पोरांना जेवढं येत होतं, तेवढ्यात हँक विल्यम्सची गाणीही वाजत होती!

शिवाय कामगारांचे हाल, रिकामा खिसा, उद्याची काळजी, हे तर लीड्सच्या आजूबाजूच्या गावांत रोजच दिसत होतं. गाण्यातली अमेरिका दूर होती, गाण्यातलं दुःख मात्र शेजारच्या गल्लीतलं होतं.

थांब, थांब! सगळ्यांत मोठं आश्चर्य तर अजून पोतडीतच आहे.

कंट्री संगीत अमेरिकेत आलं कुठून?

१९१६ साली सेसिल शार्प नावाचे एक इंग्रज गृहस्थ अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांत गेले. त्यांना जुनी गाणी गोळा करायचा नाद होता. अंगात दमा, रस्ते खडबडीत, तरी ते मॉड कार्पेलीस या सहकारी बाईंबरोबर खेड्याखेड्यांतून हिंडले. एखाद्या घराच्या ओसरीवर बसायचं, घरातल्या आजीला गायला लावायचं, शब्द एकाने लिहून घ्यायचे आणि चाल दुसऱ्याने. असं करत १९१८ पर्यंत त्यांनी दीड हजारांवर चाली उतरवल्या. आणि त्यांच्या लक्षात काय आलं असेल?

त्यातली कितीतरी गाणी इंग्लंड आणि स्कॉटलंडची होती! त्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधी तिकडून गेलेल्या लोकांनी ती जहाजातून सोबत नेली होती. सामान म्हणून नव्हे, नुसती पाठ करून! इंग्लंडमध्ये जी गाणी विसरायला झाली होती, ती त्या डोंगरांतल्या आज्या अजून गात होत्या.

म्हणजे शिकागोहून आलेल्या कॅसेटीत परदेशी पाहुणा नव्हताच मुळी. घरचंच माणूस समुद्रापार राहून, भाषा थोडी बदलून परत आलं होतं!

अर्थात कंट्री एकट्या इंग्लंडचं पोर नाही. त्यातला बँजो आला आफ्रिकेतून. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांनी अमेरिकेत भोपळ्यावर कातडं ताणून तसली वाद्यं पुन्हा बनवली. भोपळा म्हटल्यावर आपल्या मिरजेचे तंबोरे आठवले की नाही? तिकडेही भोपळाच कामाला आला! शार्पसाहेबांनी मात्र या काळ्या माणसांच्या गाण्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, आणि हे त्यांचं चुकलंच. कंट्रीतली घसरत जाणारी स्टील गिटार आली हवाई बेटांवरून. ती तर आपल्या जुन्या हिंदी सिनेमांच्या गाण्यांतही भेटते. आजोबांना विचार, लगेच गुणगुणून दाखवतील.

पण मेकॉन्सच्या गाण्यात सगळ्यांत जीव ओतला तो फिडलने. फिडल म्हणजे दुसरं काही नाही, आपलं व्हायोलिनच! वाजवायची ढब तेवढी गावरान. सुझी हनीमन ही फिडल वाजवणारी बाई बँडमध्ये आली आणि बँडचा चेहराच बदलला.

व्हायोलिन वाजतं कसं, माहीत आहे? गज असतो ना, त्याला घोड्याच्या शेपटीचे दीडशेच्या आसपास केस ताणून बांधलेले असतात. त्यांना राळ चोळतात. राळ म्हणजे झाडाचा चिकट डिंकासारखा रस, सुकवून खडा केलेला. राळेमुळे केस तारेला चिकटतात आणि तिला ओढत नेतात. तार ताणली जाते, ताणली जाते आणि सट्‌कन सुटून मागे येते! लगेच पुन्हा चिकटते. पुन्हा ओढली जाते. पुन्हा सट्‌!

हे किती वेळा होत असेल? व्हायोलिनच्या एका तारेवर सेकंदाला ४४० वेळा! तुझी पापणी एकदा लवेपर्यंत शंभरावर वेळा तार चिकटून सुटलेली असते. फळ्यावर खडू किंचाळतो ना, तेही असंच चिकटून सुटणं. फक्त बाईंच्या हातात गज नसून खडू असतो.

आणि गिटारची खरखर? तीही खास बनवलेली असते! विजेच्या गिटारच्या तारेखाली चुंबक असतो. तार हलली की तिथं इवलीशी वीज तयार होते, आणि ती वाढवून मोठी करतो अ‍ॅम्प्लिफायर. पण त्याला झेपेल त्याहून जास्त आवाज मागितला तर? लाटेचे शेंडे कापले जातात. गोल टेकड्यांऐवजी सपाट गच्च्या! आणि असा कापलेला शेंडा नव्या, उंच, टोचऱ्या सुरांची गर्दी घेऊन येतो. स्नेहसंमेलनात हेडसर माइकजवळ येऊन जोरात बोलतात तेव्हा कर्णा खरखरतो, ते हेच. हेडसर मुद्दाम करत नाहीत. रॉकवाले मुद्दाम करतात!

खरखरणारी गिटार आणि तिच्यावरून वाहणारी फिडल, हे सगळं एकत्र आलं १९८५ मध्ये. तबकडीचं नाव 'फिअर अँड व्हिस्की'. नाव मोठ्या माणसांचं आहे, ते त्यांच्याकडेच राहू दे. ती त्यांनी स्वतःच काढलेल्या छोट्याशा कंपनीतर्फे निघाली. शेवटचं गाणं कोणतं असेल? 'लॉस्ट हायवे'! लिऑन पेन या अंध गायकाने लिहिलेलं आणि हँक विल्यम्सने गाजवलेलं. मेकॉन्सनी ते असं वाजवलंय, की ट्रकचं एक चाक निखळलंय तरी गडी गाडी हाकतोच आहे, आणि वर गातोही आहे!

पुढे अमेरिकेत बऱ्याच बँडनी रॉक आणि कंट्रीची अशी मोट बांधली. त्या प्रकाराला 'अल्टरनेटिव्ह कंट्री' असं नावही पडलं. काही जाणकार त्याची सुरुवात शोधायला लागले, की मागे मागे जात या तबकडीपाशी येऊन थांबतात. अमेरिकेच्या गावाकडच्या संगीताची नवी पालवी, आणि ती फुटली लीड्समध्ये! मला तरी हा माकडाच्या टायपिंगपेक्षा मोठा चमत्कार वाटतो.

मग कोण कोण येत गेलं! सॅली टिम्स आली, तिचा आवाज थंड पाण्यासारखा. स्टीव्ह गोल्डिंग आला, त्याला मात्र ड्रम खरोखर वाजवता येत होते. लू एडमंड्स आला तो तुर्कस्तानचं सॅझ हे लांब मानेचं वाद्य घेऊन. आणि सुरुवातीला ड्रम बडवणारा जॉन लँगफर्ड गिटारकडे वळला. पुढे तो शिकागोलाच राहायला गेला, आणि आता गाण्याबरोबर जुन्या कंट्री गायकांची चित्रंही रंगवतो. ज्या गावातून कॅसेटी आल्या, त्याच गावात!

मेकॉन्स अजून गातात. एकदा ते स्कॉटलंडच्या जुरा बेटावर जाऊन गाणी करून आले. त्या बेटावर माणसं दोनशेच्या आसपास आणि हरणं हजारोंनी! एकदा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जाऊन बसले.

पण मला सगळ्यांत आवडतो तो २०१६ मध्ये निघालेल्या 'एग्झिस्टेन्शिअलिझम' या तबकडीचा किस्सा. हल्ली गाणं रेकॉर्ड करताना प्रत्येकाला वेगळा माइक असतो. कोणाचा आवाज वाढवायचा, कोणाचा कमी करायचा, ते नंतर संगणकावर ठरतं. मेकॉन्स न्यूयॉर्कमध्ये जमले आणि त्यांनी मध्यभागी ठेवला एकच माइक. एक! सगळा बँड त्याच्याभोवती. समोर थोडे प्रेक्षक, आणि तेही गाण्यात सामील!

मग आवाज कमीजास्त कसा करायचा? सोप्पं. सरकायचं! मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं, की माइकपर्यंत पोचणारी आवाजाची शक्ती उरते एक चतुर्थांश. तिप्पट केलं, तर एक नवमांश. म्हणजे पावलांनीच आवाज मोजायचा!

तुलाही करता येईल. सुटीच्या दिवशी चार दोस्त गोळा कर. आईचा फोन मध्ये ठेवून रेकॉर्डिंग लाव. पेटी असेल तर तिच्यावर त्या तीन कॉर्ड धरायला कोणीतरी बसव. हळू आवाजाच्या मुलीला फोनच्या अगदी जवळ घे, आणि मग ऐकत ऐकत एकेकाला पुढेमागे सरकव. वाजवता कोणालाच आलं नाही तरी काळजी नको. फक्त ज्याच्या हातात जेवणाचा डबा आणि चमचा असेल, त्याला पार जिन्यात उभं कर!